अंगणात बसवलेलं इंजिन

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नसलं तरी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. बा चौथीपर्यंत शिकला, आय शाळेच्या दारापर्यंत. दादा दहावीला गणितात अडकला आणि तलासरीला हायवेवरच्या एका गॅरेजात लागला. मी डहाणूच्या कॉलेजातून बी. कॉम. झाले तेव्हा बाने कैनाडला आमच्या पाड्यात घरोघर पेढे वाटले. 'पोरीला एवढं शिकवून काय करणार?' असं ज्यांनी आधी विचारलं होतं, त्यांच्या हातावर त्याने मुद्दाम दोन-दोन ठेवले. पण हे लिहायला बसले ते दादासाठी. पेढे वाटण्यासारखं काम त्यानेही केलं होतं. त्याचे पेढे वाटायचे राहिले.

गॅरेज बंद पडल्यावर दादा गुजरात हद्दीतल्या एका रंगाच्या कंपनीत जाऊ लागला. झाईच्या पलीकडे, एका तासाचा प्रवास. तिथे तो पोती फोडून पावडर टाकीत ओतायचा. संध्याकाळी आला की त्याच्या नाकातून निघणाऱ्या शेंबडाला त्या दिवशीच्या रंगाची छटा असायची. आय म्हणायची, "आज पिवळा चालू हाय वाटतं." आधी आम्ही हसायचो. मग त्याला खोकला लागला आणि तो उतरेना. दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात त्याने घरी बसून सांगितलं, "मी तिथं मरायला जाणार नाय. मी गाडी चालवीन."

गाडी होती. गॅरेजच्या मालकाने धंदा गुंडाळताना त्याच्या पगाराच्या बदल्यात दिलेली जुनी व्हॅन आमच्या अंगणात उभी होती. पत्रा चांगला, इंजिन मेलेलं. आमच्या पाड्यातले मिरची लावणारे लोक रोज पहाटे वाणगावच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोची वाट बघत रस्त्यावर पोती घेऊन बसायचे. टेम्पोवाला आला तर आला. दादाने त्यांच्याशी बोलून ठेवलं: दिवाळीनंतर मिरचीचा तोडा सुरू झाला की माल माझ्या गाडीत टाका. त्यांनी हो म्हटलं. कंपनीच्या सुपरवायझरने त्याची जागा दिवाळीपर्यंतच रिकामी ठेवतो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे व्हॅन चालली तर दादा घरी, नाही चालली तर पुन्हा पिवळी पावडर. आय देवापुढे दिवा लावताना गाडीकडे बघायची, एवढं मला दिसायचं.

मेलेलं इंजिन जुन्या पद्धतीचं, कार्बोरेटरवालं होतं. त्याच गाडीच्या नव्या मॉडेलचं, कॉम्प्युटरवालं म्हणतात ते इंजिन दादाने वापीच्या भंगार बाजारातून पारखून आणलं. टेम्पोतून उतरवलं तेव्हा शेजारचे काका हातातली दातवणाची काडी चावत आले. काका म्हणजे सख्खे कुणी नव्हेत, पण आमच्या कुठल्याही कामावर देखरेख करण्याचा हक्क त्यांनी स्वतःच घेतला होता.

"यात कॉम्प्युटर कुठं हाय रे?" त्यांनी विचारलं.

दादाने वायरींच्या गुंत्यातली चपटी डबी दाखवली.

"एवढासा? आणि बंद पडला म्हणजे? बायला बोलवायची का बटणं दाबायला?"

बाय म्हणजे मी. तेव्हा मी तलासरीला सरकारी कचेरीत कंत्राटावर डेटा एन्ट्री करत होते, आणि काकांच्या मते जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची जबाबदारी माझ्यावर होती.

"काका, मी आहे ना. तुम्ही फक्त काडी चावा," मी म्हटलं. काका खूश झाले. त्यांना उलट उत्तर दिलेलं आवडायचं.

पितृपंधरवडा लागला होता. बा म्हणाला, "या दिवसांत नवं काय बसवायचं नाय." दादाचा चेहरा पडला. मग बानेच वाट काढली: "काढायला हरकत नाय. जुनं काढा. बसवायचं ते घट बसल्यावर." तसं मग पंधरवडाभर आमच्याकडे नुसतं काढणं चाललं. गाडी चारी बाजूंनी ओंडक्यांवर उचलली. पुढच्या सीटा काढल्या, कारण या व्हॅनचं इंजिन सीटांखालीच असतं. जुनं इंजिन खालून उतरवलं. रेडिएटर साफ केला, टाकी उतरवून धुतली. अंगणात इतके सुटे भाग पसरले की आयला तांदूळ वाळत घालायला जागा उरली नाही. ती म्हणाली, "पितरांना म्हणावं, या वर्षी नटबोल्ट खा."

घट बसले आणि इंजिन आत चढलं. चढवणं सोपं होतं, चार जणांनी चढवलं. खरं काम पुढे होतं, नळ्यांचं. संध्याकाळी कचेरीतून आले की मी कपडे बदलून गाडीखाली दादाशेजारी आडवी व्हायचे. मी कागद वाचून दाखवायचे. डहाणूच्या सायबर कॅफेतून मी त्या इंजिनाच्या मॅन्युअलची पानं छापून आणली होती. इंग्रजी वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं. दादा ऐकायचा आणि मग मला उलट समजावून सांगायचा, कारण मला शब्द कळत होते आणि त्याला वस्तू.

"जुन्या इंजिनाला पेट्रोल ओढून घ्यावं लागायचं," तो सांगायचा. "इंजिनावरचाच पंप, हळूहळू चोखायचा. म्हणून साधी रबरी नळी चालायची. याला टाकीतल्या पंपातून जोरात ढकलत येतं. साधी नळी लावली तर फुगेल, एक दिवस फुटेल. आणि ती फुटेल कुठं? सायलेन्सरवर."

"मग?"

"मग सायलेन्सर डाव्या बाजूला, तर पेट्रोल उजव्या बाजूनं न्यायचं. आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीत आणायला दुसरी नळी. जाणारी एक, येणारी एक."

नळी कापण्याआधी त्याने टाकीपासून इंजिनापर्यंत सुतळी बांधली. जिथे वळण घ्यायचं तिथे सुतळीला गाठ. गाडीच्या पोटाखालून ती सुतळी अशी नेली होती की कुठल्याही धारदार पत्र्याला लागू नये, चाकाने उडवलेला दगड बसू नये. दोन दिवस तो ती सुतळी इकडून काढून तिकडे बांधत होता. मी कंटाळून म्हटलं, "अरे, नळी आहे, नदी नाही." तो म्हणाला, "चुकीच्या जागेवरून गेली तर तेवढाच पूर येतो." मग ती सुतळी मोजून नळी कापली. डहाणूच्या दुकानदाराने साधीच नळी दिली आणि वर म्हणाला की पाईप तो पाईप. दादा ती परत करून जोराचं पेट्रोल सोसणारी नळी घेण्यासाठी वापीला जाऊन आला. पत्र्याला भोक पाडलं तिथे नळी घासू नये म्हणून जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या कापून बसवल्या. पट्ट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. जाणाऱ्या नळीला लाल रंगाचा ठिपका, येणाऱ्या नळीला हिरवा.

पाण्याच्या नळ्या तर त्याहून नाजूक काम. या व्हॅनमध्ये रेडिएटर अगदी पुढे नाकाशी आणि इंजिन माणसाच्या बुडाखाली. मधे लांब पाईप. गरम पाणी इंजिनातून पुढे जातं, थंड होऊन परत येतं. नव्या इंजिनाला जिथून हवा आत जाते त्या तोंडालाही पाण्याच्या दोन बारीक नळ्या लागतात, त्या जुन्या गाडीत नव्हत्याच. त्या नव्याने टाकायच्या होत्या. दादाने मिरचीच्या प्लॉटमध्ये ठिबकच्या नळ्या टाकलेल्या होत्या, त्यामुळे पाण्याला कुठे वळायला आवडतं आणि कुठे नाही हे त्याला ठाऊक होतं. "नळीला मधेच उंटासारखं कुबड आलं की तिथं हवा बसते," तो म्हणायचा. "हवा बसली की पाणी थांबतं." एकही कुबड येऊ दिलं नाही त्याने. मी बॅटरी धरून बघितलंय. ती नळ्यांची मांडणी इतकी नीट होती की गाडी उलटी करून लोकांना दाखवावीशी वाटायची. मी कॉलेजात पहिल्या वर्गात आले होते, पण एखादं काम इतकं नेटकं माझ्या हातून कधी झालं नाही.

पंपाला पहिल्यांदा वीज दिली तेव्हा टाकीतून बारीक गुणगुण आली आणि थांबली. आम्ही दोघं खाली आडवे पडून प्रत्येक सांध्याला बोट लावून वास घेत होतो. कुठेही गळती नव्हती. जेवताना आयने माझा हात हुंगला आणि म्हणाली, "नवरीच्या हाताला मेंदी आणि हिच्या हाताला पेट्रोल."

दसऱ्याच्या सकाळी इंजिन चालू करायचं ठरलं. आणि इथे बाचं म्हणणं आलं.

काम चालू होतं तेव्हा गाडीचं तोंड घराकडे होतं, म्हणजे मावळतीला. आमच्याकडे औताला पहिल्यांदा बैल जुंपायचे तर त्यांचं तोंड उगवतीकडे करतात. दसऱ्याला नांगर, विळे, कोयते मांडतात तेही उगवतीकडे टोक करून. मोटारपंप आणला तेव्हा बाने तोसुद्धा आधी उगवतीकडे फिरवून ठेवला होता आणि मग विहिरीत सोडला होता. पहिलं पाणी आणि पहिला घास उगवतीकडे बघूनच पोटात जायचा, असा त्याचा नेम. त्यामुळे तो म्हणाला, "गाडी फिरवा. पाणी भरायच्या आधी."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मलाही वाटलं नाही, दादालाही नाही. उलट दादा हसून म्हणाला, "बरोबर हाय. नाहीतर रिव्हर्समध्येच धावेल." काका आणि पाड्यातले आणखी दोघं-तिघं आले. गाडी ढकलून अंगणात गोल फिरवली आणि उगवतीकडे तोंड करून उभी केली.

मी कागद हातात घेऊन उभी होते. रेडिएटर भरण्याच्या पानावर पहिलीच ओळ होती की गाडी सपाट जागेवर उभी असावी. मी ती मराठीत मोठ्याने वाचली. काका म्हणाले, "अंगणच हाय की. याच्याहून सपाट काय असतं?" सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या पाड्यात अंगण म्हणजे सपाट जागा. शेत उताराचं, वाट उताराची, ओहोळाकडे सगळंच उतरतं, पण अंगण चोपून सारवलेलं असतं, तिथे भात झोडतात, तिथे पोरं रांगतात. ते कधी उताराचं असू शकतं हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. जन्मापासून ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिचा उतार आपल्या पायांना कळत नाही.

बाने तांब्याभर आमच्या विहिरीचं पाणी आधी ओतलं. मग दादाने विकत आणलेलं हिरवं पाणी, कूलंट म्हणतात ते, हळूहळू भरलं, रेडिएटरच्या तोंडापर्यंत. नारळ फुटला. आपट्याची पानं आरशाला अडकवली. दादाने चावी फिरवली.

इंजिन एका झटक्यात चालू झालं. एकदाही खोकलं नाही. मला आठवतंय, दादाने आधी आमच्याकडे पाहिलंच नाही, मान तिरकी करून तो नुसता ऐकत होता. मग बाच्याकडे बघून म्हणाला, "ऐकलंस?" बाला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण तो असा उभा होता जसा माझ्या निकालाच्या दिवशी उभा होता. काका म्हणाले, "कॉम्प्युटर पास झाला!" आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

गाडी बराच वेळ तशीच उभी चालू राहिली, कारण जो तो बघायला येत होता. दादा काट्याकडे लक्ष ठेवून होता. तापमानाचा काटा खालीच होता. रेडिएटरचा पंखा सुरू झाला नव्हता, पण काटा खाली असताना पंखा कशाला सुरू होईल? तो म्हणाला, "बघ, थंड चालतंय. वापीवाल्याने फसवलं नाय."

मग डहाणूपर्यंत फेरी मारायची ठरली. बा पुढे बसला, आय आणि मी मागे, काका न बोलावता. रस्त्यावर लागल्यावर बा म्हणाला, "पोरा, बुडाखाली गरम लागतंय रे."

"इंजिनावर बसलास, गरम लागणारच."

"नाय, चांगलंच गरम."

काका मागून म्हणाले, "म्हातारपणी तेवढीच ऊब!" आणि आम्ही सगळे हसलो. बासुद्धा हसला, एका बाजूने थोडा उठून बसला. काटा अजून खालीच होता. दादाने दोनदा काट्यावर बोट आपटून पाहिलं.

पुढच्या चढावर गाडीचा दम गेला. वास आला, गोड आणि जळका. दादाने बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, सीट उचलली आणि पांढऱ्या वाफेत तो दिसेनासा झाला.

गाडी काकांच्या ट्रॅक्टरला बांधून परत आणली आणि बाच्या सांगण्यावरून सकाळी होती तशीच अंगणात लावली. लोक सोनं वाटत फिरत होते आणि आम्ही एका हातात आपट्याची पानं घेऊन गाडीमागून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी दादाने इंजिन उघडलं. वरचा भाग काढल्यावर तो खूप वेळ नुसता बघत बसला. पुढच्या बाजूचं सगळं स्वच्छ होतं. मागच्या सिलिंडरजवळ मात्र धातू काळानिळा पडला होता, वाकला होता आणि बारीक तडा गेला होता.

"मागेच कसं?" तो स्वतःशीच म्हणाला. "नळ्या तर सगळ्या नीट."

त्या दुपारी बा शेतावर गेला होता. दादाने काकांच्या घराच्या बांधकामातली पारदर्शक नळी मागून आणली, गवंडी पाया एका पातळीत आहे का ते बघायला पाणी भरून धरतात ती. एक टोक मला रेडिएटरच्या तोंडाशी धरायला सांगितलं. दुसरं टोक तो सीट उचलून इंजिनाच्या मागच्या भागापाशी घेऊन बसला. नळीतलं पाणी हललं, मग थांबलं. माझ्या टोकाला ते रेडिएटरच्या तोंडापाशी होतं. त्याच्या टोकाला इंजिनाचा मागचा भाग पाण्याच्या रेषेच्या वीतभर वर होता.

"नीट धरलंस ना?"

"धरलंय."

"झाकणापाशीच?"

"हो रे."

मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने बोटाने मला अंगण दाखवलं. घरापासून ओहोळाकडे, मावळतीकडून उगवतीकडे, आमचं अंगण उतरत जातं. बघायचं म्हणून बघितलं की दिसतं. गाडीचं तोंड घराकडे होतं तेव्हा रेडिएटर सगळ्यात वर होता. तेव्हाच पाणी भरलं असतं तर सगळी हवा आपोआप वर येऊन बाहेर पडली असती. आम्ही गाडी फिरवली आणि रेडिएटर सगळ्यात खाली गेला. आम्ही त्याच्या तोंडापर्यंत भरलं, ते काठोकाठ दिसलं, पण इंजिनाचा मागचा भाग कोरडाच राहिला. काट्याला माहिती देणारा सेन्सरही त्याच कोरड्या जागेत होता, त्याला पाण्याचा स्पर्शच नव्हता, म्हणून काटा वर चढला नाही. नळ्यांत कुबड नव्हतं. कुबड सगळ्या गाडीलाच आलं होतं.

"कागदात सपाट जागा लिहिलं होतं," मी म्हटलं.

"लिहिलं होतं. तू वाचलंस, मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं." मग त्याने नळीतलं पाणी जमिनीवर ओतून टाकलं. "बाला सांगायचं नाय."

"का नाय? त्याला कळायला नको?"

"काय कळायला? की त्याने गाडी फिरवायला लावली म्हणून इंजिन गेलं? तो मग या अंगणात पुन्हा नारळ फोडेल? आयुष्यभर एवढंच करत आलाय तो आपल्यासाठी. कुठलीही गोष्ट आणली की आधी उगवतीला दाखवायची."

"आणि तुझं काय? लोक म्हणतील तुला जमलं नाय."

"म्हणू देत. लोकांचं तोंड आहे."

त्याला वाटलं असेल की लोक दोन दिवस म्हणतील आणि विसरतील. तसं झालं नाही. बाला कुठलं तरी कारण हवं होतं आणि समोर मोकळं पडलेलं एकच होतं. तो पाड्यात सगळ्यांना सांगू लागला, "भंगारातलं इंजिन होतं. मी म्हटलं होतं पोराला, नवं घे, पण ऐकतोय कुठं." असं तो कधी म्हणाला नव्हता. पण सांगता सांगता त्याचा त्यावर विश्वास बसला. काकांनी त्यात भर घातली. चावडीवर बसले की, "कॉम्प्युटर तापला!" म्हणून टाळी द्यायचे. मग हळूहळू वाक्य बदललं. इंजिन खराब होतं, याच्याऐवजी पोराला बसवता आलं नाही, असं झालं. मिरचीवाले चांगले लोक, पण तेही टेम्पोकडे परत गेले. त्यांना रोज पहाटे माल पोचवायचा होता. त्यांच्यावर राग नाही.

दुसरं इंजिन आणण्याची ताकद आमच्यात उरली नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला दादाने फराळ केला, डब्यात थोडा भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत हजर झाला. सुपरवायझरने जागा ठेवली होती. शब्दाचा पक्का माणूस.

पुढे त्याने कंपनीजवळच खोली घेतली, कारण खोकला घेऊन रोज तासभर जाणं-येणं जमेना. रविवारी यायचा. माझंही लग्न झालं, मी डहाणूला राहायला गेले. तालुक्याच्या गावी, पंख्याखाली, कॉम्प्युटरसमोर माझं काम, त्याचं टाकीसमोर. आम्ही दोघं एका आईची पोरं, एकाच अंगणात रांगलेली. मला जे मिळालं ते कष्टाचं आहे, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण गाडीच्या पोटाखाली बॅटरी धरून मी जे पाहिलं ते दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नाही, हे मला खातं. त्या नळ्यांना प्रमाणपत्र देणारी कुठली परीक्षा असती तर तोही पदवीधर असता, आणि बाने त्याच्याही नावाने दारोदार पेढे नेले असते.

एकदा मी बोलणार होते. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यातला रविवार होता. मी माहेरी आले होते, दादाही आला होता. काकांनी शेताला पॉवर टिलर घेतला होता आणि तो सुरू होत नव्हता. त्यांनी तो ढकलत आमच्या दारापुढे आणला. त्यांचाही थाट आता उतरला होता, गुडघे दुखत होते. त्यांनी हाक मारली, "अरे, जरा बघ की. तुझ्या हातात होतं कधीतरी."

दादा ओट्यावर बसला होता. मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "मला नाय कळत त्यातलं, काका."

काकांनी दोरी ओढली. टिलर फटफटला, दोनदा धाप टाकून विझला. मी दादाकडे बघत होते. त्या आवाजाने त्याची मान तिरकी झाली. काय बिघडलंय ते त्याला कळलं होतं. मला शपथेवर सांगता येईल. अंगठा स्क्रीनवर तसाच थांबला होता. काकांनी पुन्हा ओढली, तो पुन्हा विझला.

"वाणगावचा मेस्तरी बोलवा," दादा म्हणाला.

बा दारात उभा होता. तो म्हाताऱ्या माणसाच्या साध्या, प्रेमळ आवाजात काकांना म्हणाला, "त्याला नको सांगू. त्याला यातलं कधी जमलंच नाय. त्याची कंपनी बरी."

मी तोंड उघडलं. दादाने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्यात धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. एखादं ओझं दोघांनी दोन टोकांना धरलं असावं आणि एकाने दुसऱ्याला नुसतं सांगावं की अजून सोडू नकोस, तसं काहीतरी होतं. मी तोंड मिटलं.

"कंपनीत बरं असतं," दादा बाला म्हणाला. "मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाले येतात. आपण हात लावायचा नाय, असा नियमच हाय."

बाला ते पटलं. "नियम असावेच," तो म्हणाला. काका टिलर ढकलत आपल्या घराकडे वळले. दादाला खोकल्याची उबळ आली. तो उठून घरामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आय हाताने डोळ्यांवर सावली धरून तिकडे बघत राहिली.